उजव्या कोपऱ्यातला इचिरो

२००९च्या उन्हाळ्यात कामानिमित्त मी तीनेक महिने सिॲटलजवळ होतो. माझा मावसभाऊ तिकडे रेडमंडला बरीच वर्षं राहतो. एका रविवारी त्यानं मला बेसबॉलची मॅच बघायला नेलं आणि मुद्दाम उजव्या बाजूच्या कुंपणामागची तिकिटं काढली. बसल्याबसल्या म्हणाला, "चेंडू कुठे जातोय ते सोड. समोर उभा आहे ना, पाठीवर ५१ लिहिलेला, त्याच्याकडे बघत राहा."

समोरचा माणूस क्षणभर स्वस्थ उभा नव्हता. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो खांदे ताणायचा, उकिडवा बसून मांड्या मोकळ्या करायचा, कमरेत वळायचा. पिचर चेंडू टाकायला सरसावला की सगळं थांबवून गुडघ्यांत वाकायचा. दोन तासांत त्याच्याकडे चेंडू आले जेमतेम चार-पाच. त्यातला एक सरपटत आला. पहिल्या बेसवर समोरच्या संघाचा एक खेळाडू होता. तो धावत सुटला, दुसरा बेस ओलांडून दोन पावलं पुढे गेला, मान वळवून त्यानं पाहिलं आणि झटकन मागे फिरला. आमच्या आजूबाजूचे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मला काहीच कळेना. कोणी बाद झालं नव्हतं, कोणी झेल घेतला नव्हता.

"झालं काय?"

"तो तिसऱ्या बेसला गेला नाही ना, त्याच्या टाळ्या," भाऊ म्हणाला.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. सीमारेषेवर रवींद्र जडेजा उभा असेल तर दुसरी धाव मनातल्या मनातच मोडीत निघते. ती धावफलकावर कुठे दिसत नाही, पण तीही त्याच्या खात्यावर जमा असतेच. समोर उभा असलेला तो माणूस म्हणजे इचिरो सुझुकी. २०२५ साली अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, त्याची निवड झाली तेव्हा ३९४ पैकी ३९३ जणांनी त्याला मत दिलं. तिथं पोचलेला तो पहिला आशियाई खेळाडू.

एक मत सोडून सगळी मतं मिळालेल्या या खेळाडूला त्याआधी जवळपास प्रत्येक उंबरठ्यावर कोणी ना कोणी 'हे चालायचं नाही' असं सांगितलेलं आहे. अंगानं बारीक, बॅट फिरवण्याची पद्धत चुकीची, ताकद नाही, जपानी बॅटर अमेरिकेत टिकत नाहीत. हे सांगणारे लोक अडाणी नव्हते, खेळात मुरलेले होते. मग त्यांचा अंदाज चुकला कुठे? हे उलगडायचं तर आधी थोडा बेसबॉल समजून घ्यावा लागतो, आणि तो क्रिकेटवाल्याला वाटतो तितका परका नाही.

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं असतं. पंख्याच्या मुठीशी बॅटर उभा राहतो. तिथून ९० फुटांच्या अंतरानं चौकोनात बेस मांडलेले असतात आणि धावायचं ते घड्याळाच्या उलट्या दिशेनं. म्हणजे पहिला बेस बॅटरच्या उजव्या हाताला. चौकोनाच्या आतला आणि लगतचा भाग म्हणजे इनफील्ड, त्यापलीकडचं हिरवळीचं पसरलेलं रान म्हणजे आउटफील्ड. तिथं डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असे तिघेच जण उभे असतात. हेच आउटफिल्डर.

क्रिकेटशी मोठा फरक एकच, पण सगळा खेळ त्यावर फिरतो. आपल्याकडे चेंडू तटवून जागच्या जागी उभं राहता येतं. बेसबॉलमध्ये चेंडू बॅटला लागून आत पडला की पळावंच लागतं. तो चेंडू उचलून पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाकडे तुमच्या आधी पोचला की तुम्ही बाद. तुम्ही आधी पोचलात आणि त्यात समोरच्याची चूक नसेल तर तुमच्या नावावर एक 'हिट' लागते. बॅटरचं मोजमाप होतं ते या हिटवर. दहा वेळा खेळायला येऊन तीन हिट काढणारा उत्तम बॅटर समजला जातो. सात वेळा हात हलवत परत येऊनही माणूस उत्तम ठरतो, असा हा खेळ आहे.

अमेरिकेत पोरासोरांच्या बेसबॉलमध्ये सगळ्यात कच्च्या खेळाडूला उजव्या कोपऱ्यात पाठवतात. बहुतेक मुलं उजव्या हातानं खेळतात, त्यांचे फटके डावीकडे जातात, म्हणून उजवीकडे काम कमी. आपणही गल्लीत लहान भावंडांना असंच कुठेतरी लांब उभं करायचो. व्यावसायिक खेळात मात्र हे चित्र उलटं होतं. उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक सगळ्यात लांब पडते, त्यामुळे ज्याच्या खांद्यात सगळ्यात जास्त दम तो आउटफिल्डर तिथं उभा करतात.

आता इचिरोकडे येऊ. जन्म २२ ऑक्टोबर १९७३चा, आइची प्रांतातला. वाढला तो नागोयाजवळच्या तोयोयामा नावाच्या छोट्या गावात. जपानीत इचिरो हे नाव सहसा थोरल्या मुलाला देतात, हा मात्र धाकटा. सात वर्षांचा असताना त्यानं वडिलांकडे बेसबॉल शिकवण्याचा हट्ट धरला आणि वडिलांनी, नोबुयुकी यांनी, तो मनावर घेतला. रोज ५० चेंडू टाकायचे, इनफील्डला ५० अडवायचे, आउटफील्डला ५०, आणि बॅटनं ५०० मारायचे. विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरमध्ये यंत्रासमोर चेंडू मारून मारून मुलगा मोठा झाला. सहावीत असताना लिहिलेल्या निबंधात त्यानं व्यावसायिक खेळाडू व्हायचं आहे हे तर लिहिलंच, शिवाय वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस आपण कसून सराव करतो याचा हिशेबही मांडला.

हा भाग सांगताना लोकांचे डोळे चमकतात. आपल्याकडचे आईबाप तर लगेच शेजारी बसलेल्या पोराकडे बघतात. म्हणून पुढचंही सांगायला हवं. मोठेपणी खुद्द इचिरोनंच म्हटलं आहे की तो सराव छळाच्या काठावरचा होता आणि आपल्याला त्याचा फार त्रास झाला. बापलेकांमध्ये पुढे अंतर पडलं. त्या ५०० फटक्यांचं कौतुक करताना मी तरी जरा थबकतो. त्या मुलाला काय सोसावं लागलं ते त्या आकड्यात कुठे मावत नाही.

वडिलांचा एक निर्णय मात्र खेळाच्या दृष्टीनं फार पुढचं पाहणारा होता. इचिरो मूळचा उजवा. लिहितो, फेकतो उजव्या हातानं. वडिलांनी त्याला बॅट डावीकडून धरायला शिकवली. कारण मघाशी पाहिलं तेच. पहिला बेस उजवीकडे असतो, आणि डावखुरा बॅटर मुळात त्याच बाजूला उभा राहतो. म्हणजे एक-दोन पावलं पळायच्या आधीच वाचली. शिवाय डावखुऱ्याचा फटका पूर्ण होतो तेव्हा अंग आपोआप पहिल्या बेसकडे वळतं, उजव्याचं तिसऱ्या बेसकडे जातं आणि त्याला आधी स्वतःला सावरावं लागतं. दोन पावलं म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पुढे या दोन पावलांवर विक्रम उभे राहिले.

नागोयातल्या आइकोदाई मेइदेन या शाळेकडून तो कोशिएनला, म्हणजे शालेय बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत, दोनदा खेळला. जपानमध्ये कोशिएन हा सणच असतो, अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. शाळेत तो प्रामुख्यानं पिचर होता. तरी १९९१च्या नोव्हेंबरात व्यावसायिक संघांनी आपापले खेळाडू निवडले तेव्हा तीन फेऱ्या होऊन गेल्या आणि इचिरोचं नाव कोणी घेतलं नाही. चौथ्या फेरीत कोबेच्या ओरिक्स ब्ल्यूवेव्ह संघानं त्याला घेतलं. अंग काडीसारखं. बेसबॉलमध्ये निवड करणारे लोक मुलाच्या आजच्या खेळाइतकंच त्याच्या हाडापेराकडे बघतात, कारण अंग भरल्यावर फटका किती लांब जाईल याचा अंदाज त्यावरून बांधतात. या मुलात भरण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही.

मग आली खरी अडचण. ती होती त्याच्या पायात.

बॅट कशी फिरवावी याचे रूढ नियम आहेत. वजन मागच्या पायावर ठेवायचं, चेंडू येईपर्यंत थांबायचं, मग कमरेतून वळत सगळी ताकद फटक्यात ओतायची. इचिरो आणि दुय्यम संघातले त्याचे फलंदाजीचे प्रशिक्षक केनइचिरो कावामुरा यांनी मिळून वेगळंच काही घडवलं. पिचरनं हात उचलला की इचिरोचा पुढचा पाय जमिनीवरून सुटायचा, घड्याळाच्या लंबकासारखा मागे झुलायचा, मग पुढे यायचा, आणि सगळं वजन घेऊन शरीर पुढे सरकत असतानाच बॅट चेंडूला भिडायची. जपानी लोक याला लंबकाची शैलीच म्हणत. पुस्तकाप्रमाणे ही ढळढळीत चूक. वजन असं आधीच पुढे गेलं तर वेगात फसवणारा चेंडू आला की बॅटर तोंडघशी पडणार, आणि फटक्यात जोर राहणार नाही.

ओरिक्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, शोझो दोई यांना ही शैली मान्य नव्हती. आपण त्यांना खलनायक करायची गरज नाही. योमिउरी जायंट्सच्या सुवर्णकाळात खेळलेला तो माणूस, शिस्तीत वाढलेला. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कोचला मुलानं सरळ बॅटनं खेळायचं सोडून फ्रंटफूट हवेत झुलवत खेळून दाखवलं असतं, तर त्यानं काय केलं असतं याची कल्पना आपण करू शकतो. पहिल्या दोन वर्षांत इचिरोला वरच्या संघाकडून ८३ सामनेच मिळाले. १९९२ला दुय्यम लीगमध्ये त्यानं .३६६च्या सरासरीनं, म्हणजे हजार वेळा खेळून ३६६ हिट या हिशेबानं, पहिला क्रमांक पटकावला. पुढच्या वर्षी हिदेओ नोमोसारख्या, त्या काळी जपानभर दरारा असलेल्या पिचरला होम रन, म्हणजे थेट कुंपणापार जाणारा फटका, मारली. तरी त्याची रवानगी पुन्हा खालच्या संघातच झाली.

त्या शैलीचा नीट विचार केला तर तिच्यातली गंमत कळते. दोई फटक्याकडे बघत होते. पण त्या झुलणाऱ्या पायाचा फायदा फटक्यापुरता नव्हता. बॅट चेंडूला लागते त्या क्षणी इतर बॅटर उभे असतात, इचिरो चालायला लागलेला असतो. बॅटरच्या जागेपासून पहिल्या बेसपर्यंत पोचायला साधारण डावखुऱ्या खेळाडूला सव्वाचार सेकंद लागतात. इचिरो चार सेकंदांच्या आत, अनेकदा पावणेचारला पोचायचा. अर्धा सेकंद. तेवढ्यात दोन ढांगा पडतात.

आता समजा त्यानं चेंडू चुकीचाच मारला. बॅटच्या दांड्याला लागून तो दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये घरंगळत गेला. कोणत्याही दुसऱ्या बॅटरचा हा खेळ संपला. क्षेत्ररक्षक दोन पावलं पुढे येणार, चेंडू उचलणार, नीट तोल सावरून फेकणार, पंच हात वर करणार. पण पळणारा इचिरो असेल तर क्षेत्ररक्षकाला तोल सावरायला वेळच उरत नाही. तो पुढे झेपावतो, घाईत उचलतो, वाकड्या अंगानं फेकतो, आणि तरी चेंडू एक पाऊल उशिरा पोचतो. म्हणून समोरचे संघ त्याच्यासाठी क्षेत्ररक्षण पुढे आणायचे. क्षेत्ररक्षक पुढे आले की मागची जागा मोकळी, आणि तो चेंडू नेमका तिथून काढायचा. पायांनी बॅटसाठी जागा करून द्यायची असा हा प्रकार.

१९९४ला ओरिक्सचे मॅनेजर बदलले. अकिरा ओगी आले. त्यांनी मुलाला सांगितलं की तुझ्या पद्धतीनं खेळ, आणि त्याला रोज वरच्या संघात उतरवलं. आणखी एक गोष्ट केली. सुझुकी हे जपानमधलं अतिशय सर्रास आढळणारं आडनाव, आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं. ओगींनी त्याची नोंदणी नुसत्या 'इचिरो' या नावानं करायला लावली. त्या वर्षी १३० सामन्यांत इचिरोनं २१० हिट काढल्या. जपानमध्ये त्याआधी कोणीही हंगामात २००ला पोचलं नव्हतं, जुना विक्रम १९१चा, तोही १९५०चा. सरासरी .३८५. वय २०. दुय्यम संघात ठेवलेला मुलगा लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि सलग ३ वर्षं तोच राहिला.

यानंतरच्या जानेवारीत, १७ तारखेच्या पहाटे, कोबेला भूकंपानं झोडपलं. ६,४०० हून अधिक माणसं गेली. शहराच्या या अवस्थेत बेसबॉल खेळायचा का आणि कुठे, हा प्रश्न होता. संघ कोबेतच खेळला, बाहीवर 'गांबारो कोबे' असं लिहून. 'गांबारो'चं मराठी नेमकं करता येत नाही, 'नेट लावू, हटायचं नाही' याच्या जवळपास जातं. त्या वर्षी ओरिक्सनं जपानच्या दोन लीगपैकी पॅसिफिक लीग जिंकली, आणि पुढच्या, १९९६च्या वर्षी योमिउरी जायंट्सला हरवून दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली जपान सिरीज. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना, उद्ध्वस्त गावात माणसं कशाला धरून उभी राहतात हे वेगळं सांगायला नको.

२०००पर्यंत सलग ७ वर्षं इचिरो लीगमधला पहिल्या क्रमांकाचा बॅटर होता. जपानमध्ये मिळवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. अमेरिकेत जायचं होतं, पण तसं उठून जाता येत नव्हतं. हा भाग जरा किचकट आहे, पण त्यावाचून पुढचं समजत नाही.

जपानी खेळाडू ठराविक वर्षं पूर्ण होईपर्यंत क्लबला बांधलेला असतो. नोमोनं १९९५ला त्यातून पळवाट काढली होती. त्यानं जपानमधून निवृत्ती जाहीर केली आणि निवृत्त खेळाडू म्हणून लॉस एंजेलिसचा संघ गाठला. जपानी क्लब हादरले. मग १९९८ला दोन देशांच्या लीगमध्ये 'पोस्टिंग' नावाची व्यवस्था ठरली. जपानी क्लबनं खेळाडू सोडायला तयार असल्याचं कळवायचं, अमेरिकी संघांनी बंद लिफाफ्यात बोली लावायची. सर्वांत मोठी बोली ज्याची, त्या एकाच संघाला खेळाडूशी बोलायला ३० दिवस मिळणार. करार झाला तर बोलीची रक्कम जपानी क्लबला, खेळाडूचा पगार वेगळा. म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखं, फक्त हात वर करून नाही, चिठ्ठी टाकून, आणि समोरच्यानं किती लिहिलंय ते न कळता. सिॲटल मरिनर्सची बोली निघाली १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलरची. खेळाडूशी बोलायच्या नुसत्या हक्कासाठी इतके पैसे.

अमेरिकेतल्या जाणत्या मंडळींनी यावर भुवया उंचावल्या, कारण तोवर जपानहून जाऊन मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, खेळलेले सगळे पिचर होते. पिचर अनोळखी असला तर तो त्याचा फायदाच असतो, समोरच्याला त्याची सवय नसते. बॅटरचं उलटं. त्याला रोज नवे पिचर, जास्त वेगाचे चेंडू, १३०-१३५ऐवजी १६२ सामने, आणि त्यांच्यामध्ये विमानांचे लांबलांब प्रवास. त्यात काळ कुठला, तर होम रनचा. १९९८ला मार्क मॅकग्वायरनं ७० मारल्या होत्या आणि २००१ला बॅरी बाँड्स ७३ मारणार होता. आउटफिल्डर म्हणजे दंड फुगलेला, चेंडू प्रेक्षकांत भिरकावणारा माणूस, असं समीकरण झालेलं. तिथं हा सडपातळ माणूस चेंडू डावीकडे ढकलून पळत सुटणार. सिॲटलचे मॅनेजर लू पिनिएला यांनाही सरावात शंका आली की याला दुसरीकडे जोरात मारता येतं की नाही. त्यांनी तसं विचारलं आणि थोड्याच वेळात इचिरोनं चेंडू उजवीकडे कुंपणापार घालवला, हा किस्सा पिनिएला यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे.

पाठीवरचा ५१ हा आकडा सिॲटलमध्ये त्याआधी रँडी जॉन्सन या थोर पिचरचा होता. तो घेण्याआधी इचिरोनं जॉन्सनला निरोप पाठवला की या आकड्याला मी कमीपणा आणणार नाही.

आणि मग ११ एप्रिल २००१. ओकलंडचं मैदान, हंगाम सुरू होऊन दहा दिवसही झालेले नाहीत. त्या दिवशी इचिरो सुरुवातीला संघात नव्हता. आठव्या डावात त्याला बदली बॅटर म्हणून पाठवलं, त्यानं हिट काढली, आणि मग तो उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षणाला गेला. मागच्या प्रेक्षकांतून काही जण त्याच्यावर नाणी फेकत होते. पहिल्या बेसवर ओकलंडचा टेरेन्स लाँग, चांगला वेगवान. रामोन हर्नांडेझनं चेंडू उजवीकडे मारला. अशा वेळी पहिल्या बेसवरचा माणूस डोळे झाकून तिसऱ्यापर्यंत जातो, तो शिरस्ताच आहे. लाँगही निघाला. इचिरो पळत पुढे आला, चेंडू उचलला, एक उडी घेऊन हात फिरवला. सुमारे २०० फुटांवरून आलेला तो चेंडू हवेत कमान न करता, ताणलेल्या दोरीसारखा सरळ आला आणि तिसऱ्या बेसवरच्या डेव्हिड बेलच्या हातमोज्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पडला. बेलला हात हलवावाही लागला नाही. लाँग घसरत आला तो थेट त्या हातमोज्यातच.

बेसबॉलच्या लोकांमध्ये आजही नुसतं 'ती फेक' म्हटलं तरी पुरतं. मी तिची चित्रफीत कितीतरी वेळा बघितली आहे आणि दर वेळी लाँगबद्दल वाईट वाटतं. त्यानं काहीच चूक केली नव्हती. तो एका साध्या हिशेबावर पळाला होता, तो हिशेब त्या दिवशी बदलला. आठ वर्षांनी सिॲटलला माझ्या डोळ्यांसमोर दुसरा बेस ओलांडून मागे फिरलेला तो खेळाडू मला म्हणूनच आता समजतो.

त्या वर्षी मरिनर्स ११६ सामने जिंकले, १९०६च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी झाली. इचिरोच्या २४२ हिट, .३५० सरासरी, ५६ बेस चोरून घेतलेले. चोरून म्हणजे पिचर गाफील असताना फटक्याविना पुढच्या बेसवर पळणं, अगदी नियमात बसणारं. त्याला सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असे अमेरिकन लीगचे दोन्ही किताब मिळाले. एकाच वर्षी दोन्ही मिळवणारा त्याच्याआधी एकच होता, १९७५चा फ्रेड लिन. आणि ज्या मोसमात बाँड्सनं ७३ होम रन मारल्या, त्या मोसमात इचिरोच्या होम रन होत्या ८.

२००४ला त्यानं आणखी एक जुनं कुलूप उघडलं. एका हंगामातल्या सर्वाधिक हिटचा विक्रम सेंट लुईसच्या जॉर्ज सिस्लरचा होता, २५७चा, १९२०पासूनचा. ८४ वर्षांत त्याला कोणी मागे टाकलं नव्हतं. १ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर इचिरोनं तो मागे टाकला आणि पुढे आकडा २६२वर नेला. प्रेक्षकांत सिस्लरची वृद्ध मुलगी बसली होती, इचिरो कठड्यापाशी जाऊन तिला भेटला. २००९ला सेंट लुईसला गेला तेव्हा त्यानं सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहिली. संघ मात्र त्या २००४च्या वर्षी ९९ सामने हरला होता. अशा रडतखडत चाललेल्या मोसमात, जिंकण्याची आशा संपलेल्या सप्टेंबरात, रोज मैदानावर येऊन तोच ताण, तीच उठाबस, बॅट उजव्या हातात उभी धरून डाव्या हातानं खांद्यावरची बाही ओढण्याची तीच लकब. त्या २६२मधल्या २२५ हिट एकेका बेसच्या होत्या. म्हणजे पुन्हा तेच पावणेचार सेकंद.

त्याच्या वस्तूंबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. सामना संपल्यावर तो आपला हातमोजा स्वतः पुसायचा, त्याला तेल लावायचा. इतरांच्या बॅटा खोक्यात पडलेल्या असायच्या, याच्या बॅटा दमटपणा लागू नये म्हणून खास पेटीत असत. बाद झाल्यावर बॅट आपटणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. आपल्याकडे खंडेनवमीला हत्याराला हळद-कुंकू लावणाऱ्या सुताराला हे लगेच समजेल.

पुढचं भराभर सांगतो. सलग १० मोसम २००हून जास्त हिट, सलग १० वर्षं क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह. २०१२ला न्यूयॉर्क यँकीज, २०१५ला मायामी. ७ ऑगस्ट २०१६ला अमेरिकेतली ३,०००वी हिट. शेवटी अमेरिकेतल्या ३,०८९ आणि जपानमधल्या १,२७८, बेरीज ४,३६७. अमेरिकेतला सर्वाधिकचा विक्रम पीट रोझचा, ४,२५६. जपानमधल्या हिट धरायच्या की नाही यावर वाद होतात. दर्जा वेगळा होता हे खरं, त्यामुळे अधिकृत विक्रम रोझचाच राहणं मला योग्य वाटतं. पण अमेरिकेत पाऊल ठेवलं तेव्हा इचिरो २७ वर्षांचा होता, आणि त्या वयापासून कोणी ३,००० गाठून दाखवणं हे मला त्या बेरजेहून मोठं वाटतं. आधीची ९ वर्षं तो बसून नव्हता, एवढंच ती बेरीज सांगते.

२१ मार्च २०१९ला टोकियो डोममध्ये, ४५व्या वर्षी, तो सिॲटलच्या गणवेशातच शेवटचा सामना खेळला. सामना संपून लोक मैदान सोडत नव्हते, म्हणून तो पुन्हा बाहेर आला आणि सगळीकडे फिरून त्यांना हात हलवून आला. पत्रकारांशी बोलायला बसला तेव्हा मध्यरात्र झाली होती. जुलै २०२५ला कूपरस्टाउनला हॉल ऑफ फेमच्या समारंभात त्यानं इंग्रजीत भाषण केलं. कारकीर्दभर तो पत्रकारांशी दुभाष्यामार्फत बोलत आला होता. आपण आता तिसऱ्यांदा नवोदित झालो आहोत, असं तो तिथं म्हणाला. पहिल्यांदा जपानमध्ये, दुसऱ्यांदा अमेरिकेत, तिसऱ्यांदा इथं.

निवृत्तीनंतर त्यानं कोबेत हौशी लोकांचा एक संघ काढला आहे. १ डिसेंबर २०१९ला त्यांचा सामना झाला वाकायामाच्या चिबेन शाळेतल्या शिक्षकांच्या संघाशी. मैदान कोबेचंच, ओरिक्सचं जुनं घर. इचिरो त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात नव्हता. १९९१ला ज्या शाळकरी पिचरला तीन फेऱ्यांमध्ये कोणी विचारलं नव्हतं, तो ४६व्या वर्षी पिचरच्या उंचवट्यावर उभा राहिला. त्यानं सगळे ९ डाव एकट्यानं टाकले, १३१ चेंडू. समोरच्या मास्तरांना १६ वेळा बॅटनं चेंडू मैदानात घालू न देताच बाद केलं आणि एकही धाव दिली नाही.